जिद्द पुरे झाली, जिन्याचं बोला

‘जिद्द’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांनी निदान पाच वर्षं वापरू नये असा कुणी ठराव मांडला, तर त्यावर पहिली सही माझी असेल. शब्द मुळात वाईट नाही. पण हल्ली त्याचा उपयोग एका चलाखीसाठी होतो, आणि ती चलाखी आपल्या लक्षातही येत नाही इतकी अंगवळणी पडलीय.

रविवारच्या पुरवणीतला तो लेख तुम्हीही वाचलाय. वाचला असणारच, कारण लेख एकच आहे, फक्त नावं बदलतात. पहिल्या परिच्छेदात हसताखेळता तरुण. दुसऱ्यात अपघात. तिसऱ्यात डॉक्टरांनी हात टेकले. चौथा परिच्छेद ‘पण खचून न जाता’ अशी सुरुवात करतो आणि पाचव्यात आपला नायक थेट मॅरेथॉन पळतो, नाहीतर स्पर्धा परीक्षा पास होतो. शेवटी शाल, श्रीफळ आणि त्याच्या जिद्दीला सलाम. माझं भांडण आहे ते चौथ्या परिच्छेदाशी. ‘पण खचून न जाता’ या चार शब्दांत दीड-दोन वर्षं गडप केलेली असतात. खरी गोष्ट तिथेच असते आणि नेमकी तीच छापून येत नाही.

काय असतं त्या दोन वर्षांत? मणका मोडून बांबोळीहून घरी आलेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. कमरेखालची संवेदना गेली की एका जागी जास्त वेळ पडून राहिल्याची कळ येत नाही. तुम्ही-आम्ही झोपेतही कूस बदलतो, त्याला ती बदलता येत नाही. मग माकडहाडापाशी, टाचांवर कातडी कुजते. एकदा अशी जखम झाली की ती हाडापर्यंत जाऊ शकते, आणि त्यातून रक्तात विष पसरून माणूस मरूही शकतो. म्हणून त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. रात्रीसुद्धा. लघवीची नळी असते, तिची स्वच्छता ढिली पडली की ताप, आणि वारंवार ताप म्हणजे मूत्रपिंडावर घाला. शौचाचं वेळापत्रक बसवायला महिने लागतात. आणि हे सगळं आपल्या गोव्यातल्या घरात, जिथे बलकांवाला चार पायऱ्या, प्रत्येक दाराला उंबरठा आणि न्हाणी मागीलदारी.

दर दोन तासांनी गजर लावून कोण उठतं? बायको, नाहीतर आई. सकाळी पेजेचं आधण ठेवायचं असतं, मुलांना शाळेत पाठवायचं असतं, तरी ती उठते. तिला जिद्दीचा पुरस्कार मिळाल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. सत्काराच्या फोटोत ती असलीच तर कडेला, खुर्चीची मूठ धरून.

डोक्याला मार लागलेल्याची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्याकडे दुचाकीचे अपघात किती होतात ते सांगायला नको. जखम भरते, टाक्यांवर केस येतात, लोक म्हणतात, ‘बरा झाला रे!’ पण घरच्यांना कळतं की परत आलेला माणूस तो नव्हे. एकच गोष्ट तीनदा विचारतो, क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो, दुपारपर्यंत थकून जातो. याला शेजारपाजारचे लोक आळस म्हणतात, स्वभाव म्हणतात. आणि मग कुणीतरी शहाणा रविवारचं ते कात्रण आणून देतो: ‘हे वाच, बघ, माणसाने ठरवलं तर काय अशक्य आहे!’

इथे ती चलाखी उघडी पडते. बरं होणं हा मनाचा पराक्रम ठरवला, की बरं न होणं हा मनाचा गुन्हा ठरतो. आणि बाकीच्यांना हात झटकायला मोकळीक मिळते. फिजिओथेरपिस्ट नाही? जिद्द ठेवा. बस चढता येत नाही? जिद्द ठेवा. नोकरी गेली? जिद्द ठेवा, आणखी काय!

आता थोडा इतिहास बघू. पहिल्या महायुद्धात मणका मोडलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत वा महिन्यांत मरत. त्या सैनिकांत जिद्द नव्हती असं कोण म्हणेल? ते मेले ते शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने. हिटलरच्या जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडला आलेला लुडविग गुटमान हा ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल इस्पितळात मणक्याच्या रुग्णांचा विभाग चालवू लागला. त्याने काय केलं? रुग्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा नियम केला आणि तो पाळला जातो की नाही ते रात्री-अपरात्री स्वतः जाऊन पाहिलं. नळीची स्वच्छता कडक केली. रुग्णांना अंथरुणातून उठवून सुतारकाम, घड्याळदुरुस्ती असल्या कामांना लावलं. मग खेळ आणले. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, त्याच्या इस्पितळाच्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. आजची पॅरालिंपिक त्यातून जन्मली.

क्रम लक्षात घ्या मंडळी. आधी कूस, मग नळी, मग हाताला काम, आणि शेवटी पदक. आमचे पुरवणीवाले शेवटून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

आता आपल्या मुरलीकांत पेटकरांकडे या. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे हे गृहस्थ सैन्यात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचं सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रम करून जिंकलं. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी सिनेमा आला आणि पुन्हा एकदा सगळीकडे जिद्द, जिद्द, जिद्द.

जिद्द होतीच. ती नाकारणारा मी कोण? पण तेवढीच नव्हती. मुंबईला नौदलाच्या अश्विनी इस्पितळात त्यांच्यावर उपचार झाले आणि पोहणं सुरू झालं ते उपचाराचा भाग म्हणून. म्हणजे तिथे पोहण्याची सोय होती, पाण्यात उतरवणारी माणसं होती, आणि सैनिक म्हणून तिथे राहण्याचा त्यांना हक्क होता. परदेशी स्पर्धेला जायला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेची मदत झाली. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी मिळाली. यातली एकेक गोष्ट काढून टाका आणि सांगा, उरलेल्या जिद्दीवर कोण हायडेलबर्गला पोचलं असतं?

आणि ज्या देशाला जिद्दीचं एवढं कौतुक, त्याने या माणसाला काय दिलं तेही पाहा. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेली मागणी नाकारली गेली. पद्मश्री मिळाली २०१८ साली, सुवर्णपदकानंतर ४६ वर्षांनी. अर्जुन (जीवनगौरव) जाहीर झाला जानेवारी २०२५ मध्ये, सिनेमा येऊन गेल्यावर. सलामाला पैसे पडत नाहीत, म्हणून तो लवकर मिळतो.

दुसरं उदाहरण सुधा चंद्रन यांचं. १९८१ मध्ये अपघात, गँगरीन, गुडघ्याखाली पाय कापला, आणि १९८४ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. ‘नाचे मयूरी’ आमच्या पिढीने डोळे पुसत पाहिला. पण रामचंद्र शर्मा हे नाव तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? जयपूरच्या सवाई मानसिंग इस्पितळातले हे कारागीर. फारसं शिक्षण नाही, पण हातात कला. डॉ. प्रमोद करण सेठींबरोबर त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचा ‘जयपूर फूट’ घडवला. विलायती पायाला बूट लागायचा. त्यावर उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात चालता येत नसे. आपल्या माणसाला शेतात जायचं असतं, देवळात अनवाणी जायचं असतं, जमिनीवर बसून जेवायचं असतं. हे ओळखून घडवलेला तो पाय. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नर्तिकेची जिद्द त्या पायावर उभी राहिली, अगदी शब्दशः.

त्याच जयपूर फूटशी जोडलेलं तिसरं नाव माझ्या बिरादरीतलं, म्हणजे सरकारी नोकराचं आहे. (मी कारकून, ते आयएएस, एवढा किरकोळ फरक सोडून द्या!) देवेंद्रराज मेहता १९६९ मध्ये राजस्थानात पोखरणजवळ मोटार अपघातात सापडले. पाय कापावा लागतो की काय अशी वेळ होती, तो वाचला. बरं होताना त्यांच्या मनात विचार आला तो असा, की मी अधिकारी म्हणून माझी एवढी काळजी घेतली गेली, माझ्याजागी गरीब माणूस असता तर? १९७५ साली त्यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि जयपूर फूट लाखो लोकांपर्यंत फुकट पोचवला. अपघातातून जगण्याचं प्रयोजन सापडणं म्हणतात ते असं असतं. ‘मी किती शूर’ यापाशी ते अडकलं नाही. ‘मला जे मिळालं ते दुसऱ्याला का नाही’ या प्रश्नातून ते उगवलं.

हा प्रश्न आपण आपल्या राज्यकर्त्यांना कधी विचारला? केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोख पैसे न भरता उपचारांची योजना अधिसूचित केली. दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च, अपघातापासून सात दिवसांपर्यंत. योजना चांगली आहे, तिने जीव वाचतील, मी तिची टिंगल करणार नाही. पण सात दिवस! मोडलेलं मांडीचं हाडही सात दिवसांत जुळत नाही, मणक्याची तर बातच सोडा. आठव्या दिवसापासून काय? आठव्या दिवसापासून, जिद्द.

आमच्या कचेऱ्यांत काय चालतं ते जवळून पाहिलंय म्हणून सांगतो. एका कार्यालयात (नाव घेत नाही) एक यूडीसी हमरस्त्यावरच्या अपघातानंतर चौदा महिन्यांनी चाकाच्या खुर्चीवरून कामावर हजर झाला. त्याचं टेबल दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी त्याचा सत्कार ठरला. कुठे? दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात. चौघा शिपायांनी खुर्चीसकट उचलून त्याला वर नेला, साहेबांनी शाल घातली, जिद्दीवर भाषण झालं, टाळ्या, फोटो. संध्याकाळी पाचला चौघांपैकी दोघे निघून गेलेले. तो सव्वासहापर्यंत जिन्याच्या तोंडाशी शाल मांडीवर घेऊन बसला होता. दुसऱ्या दिवसापासून त्याला ‘प्रकृतीला सोसेल असं’ म्हणून तळमजल्यावर एका रिकाम्या खोलीत बसवलं, कामाशिवाय. आणि मग कुणीतरी हलक्या आवाजात सुचवलं, की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज का करत नाहीस, उगीच कशाला जिवाला त्रास?

अशा वेळी कायदा पाठ असलेला एक कारकून दहा सत्कारांपेक्षा उपयोगी पडतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०, पोटकलम ४. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला सरकारी आस्थापनेने काढून टाकायचं नाही की खालच्या पदावर टाकायचं नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या नि त्याच सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं. तेही शक्य नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायची तरतूद आहे. हे काही नवं नाही. १९९५ च्या कायद्यात हेच कलम ४७ होतं आणि २००३ साली कुणाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कलमाच्या आधारे, पाय गमावल्यामुळे नोकरीतून काढलेल्या शिपायाच्या बाजूने निकाल दिला. त्या यूडीसीच्या मित्राने कलमाचा उतारा जोडून टिपणी वर पाठवली. तीन महिन्यांनी त्याचा विभागच तळमजल्यावर आला. कुणी त्याची बातमी केली नाही. बातमी करण्यासारखं त्यात होतं तरी काय, आठ टेबलं आणि चौदा कपाटं हलली एवढंच!

आणि हे कलम सरकारी आस्थापनांपुरतं आहे, हेही विसरू नका. मोटरसायकल पायलट, ट्रॉलरवरचा खलाशी, शॅकमधला वेटर, खासगी दुकानातली सेल्सगर्ल यांना हे कवच नाही. त्यांच्यासाठी राहतो तो फक्त सलाम.

आता आक्षेप. काही वाचक म्हणतील, अहो, या गोष्टींनी लोकांना उभारी मिळते, तुम्ही तीही काढून घेता? आणि इयन कार्डोझोंसारख्यांचं काय? १९७१ च्या युद्धात सुरुंगाने चिंधड्या झालेला स्वतःचा पाय त्यांनी खुकरीने कापला, आणि लाकडी पायावर चालत पुढे पायदळाच्या बटालियनचं नेतृत्व केलं. ही जिद्द नव्हे तर काय?

जिद्दच. बावनकशी. पण तिचं पुढचं पान वाचा. निवृत्तीनंतर हेच मेजर जनरल कार्डोझो भारतीय पुनर्वास परिषदेचे अध्यक्ष झाले. अपंगांबरोबर काम करणाऱ्या व्यावसायिकांच्या प्रशिक्षणाचे दर्जे ठरवायचे, त्यांची नोंदणी करायची, असलं हे रुक्ष काम. ज्याच्या जिद्दीची दंतकथा झाली त्या माणसाला जिद्दीवर विसंबता येत नाही हे पक्कं कळलं होतं, असा मी याचा अर्थ लावतो. उभारीबद्दल म्हणाल, तर ती ज्याला थोडीफार सोय आहे त्याला मिळते. ज्याला काहीच नाही, त्याच्या हाती ते कात्रण म्हणजे आरोपपत्र असतं.

मग जगण्याचं बळ येतं कुठून? कीर्तनकार म्हणतात, देवाने काही कारणासाठीच वाचवलं. ज्यांना त्या वाक्याचा आधार वाटतो त्यांनी तो जरूर घ्यावा, रात्री तीन वाजता दुखण्याच्या सोबतीला कुणाला काय लागेल ते मी ठरवणार नाही. मला इतकंच दिसतं, की आपली कुणाला तरी गरज आहे हे कळलं की माणूस उठतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ मिळवून वाचा. त्यांना अपंगत्व आलं ते अपघाताने नव्हे, आजाराने, ऐन सोळाव्या वर्षाच्या आसपास. बाबूकाका दिवाण नावाचे, स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेले गृहस्थ भेटले, त्यांनी वाट दाखवली, सरकारी नोकरीने पायाखाली जमीन दिली, आणि १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. त्या खुर्चीच्या मागे कोण कोण उभं होतं ते त्या पुस्तकात मोकळेपणाने येतं, म्हणून ते मला पुरवणीतल्या शंभर लेखांपेक्षा खरं वाटतं.

त्या यूडीसीलाही बळ मिळालं ते शालीतून नव्हे. वेतननिश्चितीचे नियम त्याला तोंडपाठ. विभाग खाली आला आणि त्याच्या टेबलाशी पुन्हा माणसं येऊ लागली, ‘जरा माझी फाइल बघ रे, ऑडिटने आक्षेप घेतलाय.’ आपल्या सहीवाचून कुणाचं तरी काम अडतं, ही भावना औषधाच्या दुकानात मिळत नाही.

पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट झाला, त्याचं कौतुक आहे. पण उत्सव काही दिवसांचा असतो. मामलेदार कचेरी, पंचायत, बँक, देऊळ, नाट्यगृह हे वर्षभराचं आहे.

तेव्हा मंडळी, एक साधा नियम करू या. पुढच्या वेळी आपल्या मंडळाने, वाचनालयाने, क्लबाने अशा कुणाचा सत्कार ठरवला, तर आधी कार्यकारिणीतल्या एकाने सभागृहाच्या दारात जाऊन पायऱ्या मोजाव्यात. शालीच्या पैशांत फळ्यांचा का होईना, उतार होतो का पाहावं. सत्कारमूर्तीच्या घरी जाऊन विचारावं की रात्री त्याला कुशीवर कोण वळवतं, आणि आठवड्यातली एक रात्र आमच्यापैकी कुणी येऊन बसलं तर त्या माउलीला झोप मिळेल का. फिजिओथेरपीसाठी तालुक्याच्या इस्पितळात किती दिवस थांबावं लागतं, ते आमदाराला व्यासपीठावर विचारावं, माइक चालू असताना.

एवढं झालं की मग खुशाल भाषण करा. जिद्द हा शब्दही वापरा हवा तर, माझी हरकत नाही.